मधला बॉल

आंब्याला मोहोर आला की कुणाला कैऱ्या आठवतात, कुणाला माहेर. मला टेनिस आठवतं. त्यातही दोघा-दोघांचं टेनिस, ज्याला डबल्स म्हणतात ते. माणसाच्या डोक्यात कशाला काय चिकटून बसेल याचा नेम नाही. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, पण हे कोडं मला सुटलेलं नाही.

वसईजवळच्या आमच्या फुलपाड्यात इमारतींच्या गर्दीत एकच आंबा टिकून आहे, सोसायटीच्या पंपाच्या खोलीमागे. परवा सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालताना त्याचा वास आला. तुरट, गोडसर, नाकात जरा खाजवणारा. थंडी अजून पुरती गेलेली नव्हती; उन्हात बरं वाटत होतं आणि सावलीत सरकलं की अंगावर काटा येत होता. मी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात वसईतल्या भुईगावहून मोनीबायचा फोन. "टीचर, आमच्या कलमांना मोहोर आला गं. आनि क्लबात कोर्ट रंगवायला काढलंय. कधी येतेस?" म्हणजे तिलाही तेच आठवत होतं.

मोनीबाय कोण, तर मेल्विनची आई. मेल्विन कोण, तर माझ्या तुषारचा डबल्समधला जोडीदार. कितीतरी वर्षं या दोन मुलांची नावं आम्ही एका दमात घ्यायचो, मीठ-मिरची म्हणावं तशी. दहा-अकरा वर्षांची असताना वसईच्या क्लबात भिंतीवर बॉल मारायला यायची. भिंत एकच होती, म्हणून आधी भांडली आणि मग मित्र झाली. तुषार त्याला "मेल्या" म्हणतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चांगली ओरडले होते. मग कळलं की मेल्विनचंच ते लाडाचं रूप आहे, आणि मोनीबायसुद्धा राग आला की तेच वापरते.

माझा मुलगा टेनिस खेळतो असं सांगितलं की आमच्या इमारतीतले लोक विचारायचे, "बॉलर की बॅट्समन?" आमच्याकडे टेनिस म्हणजे टेनिसच्या चेंडूने खेळायचं क्रिकेट. नाही हो, जाळीवरचं टेनिस, असं समजावलं की पुढचा प्रश्न, "मग टीव्हीवर कधी दिसणार?" आणि तो डबल्स खेळतो म्हटलं की चेहऱ्यावर थोडी दया यायची. एकट्याला झेपत नसेल म्हणून दुसरा घेतला असणार, असं काहीसं. खोटं कशाला बोलू, मलाही त्या खेळातलं काही कळत नव्हतं. गुण मोजायची पद्धत बघूनच माझं डोकं फिरलं होतं. पंधरा, तीस आणि मग एकदम चाळीस! "अरे, मधले पाच कुणी खाल्ले?" असं मी तुषारला विचारलं होतं. त्याने खांदे उडवले. ज्या खेळाला पंधराचा पाढा येत नाही त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

मग तो हिवाळा आला. आमच्या वसईतच, त्यांच्या भिंतीच्या क्लबात, व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा ठरली. देशोदेशीचे खेळाडू येणार म्हणून गावात चर्चा. आले ते मात्र पेपरात फोटो येतो त्यातले नव्हते. एवढाल्या बॅगा स्वतःच ओढत आणणारे, हॉटेलच्या खिडकीत मोजे वाळत घालणारे, रस्त्यावरच्या शहाळेवाल्याशी हातवारे करून बोलणारे तरुण होते ते. सकाळी एकेरीचे सामने पुढच्या मोठ्या कोर्टावर व्हायचे. दुहेरीवाल्यांना मागचं कोर्ट, बाभळीच्या बाजूचं, तेही एकेरीचं आटोपल्यावर. बघायला कोण? दोघा-तिघांच्या आया, एखादा पेन्शनर आणि कुंपणावर कावळे.

पण मला त्या आठवड्यात घरी बसवेना, त्याला कारण होतं. नाताळात मेल्विनने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. भुईगावला त्यांच्या ओटीवर आम्ही बसलो होतो, समोर करंज्या आणि केक. तो तिशी ओलांडलेला, उजवा खांदा सतत दुखरा, वडील थकलेले आणि केळीची नि सोनचाफ्याची वाडी बघायला दुसरं कुणी नाही. "एक शेवटची टुर्नामेंट, वसईची," तो म्हणाला. "जिंकलो तर अजून एक वर्ष खेळतो. नाही तर बस." आजवर दोघांनी अंतिम सामने बरेच खेळले होते, पण करंडक एकदाही घरी आला नव्हता. तुषार करंजी हातात धरून तिचे काठ मोडत बसला. आई म्हणून मला त्या क्षणी जे दिसलं ते असं, की मेल्विन थांबला तर माझा मुलगा एक चप्पल हरवलेल्या माणसासारखा होणार आहे. दुसरी आहे, चांगली आहे, पण तिचं करायचं काय?

मोनीबायला आणि मला बाभळीच्या सावलीतलं एकच बाकडं मिळालं. शेजारच्या बंगल्यातल्या आंब्याच्या मोहोराचा वास तिथे दिवसभर यायचा. आधी आम्ही एकमेकींना अहो-जाहो करायचो. ती मला "टीचर, तुम्ही बसा", मी तिला "मोनीबाय, तुम्ही घ्या". दुसऱ्या दिवशीच्या सामन्यात मी उत्साहाने तिच्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की ती ओरडली, "अगं, माझा पाय हाय तो!" तेव्हापासून आम्ही अगं-तूगंवर आलो. 'टीचर' मात्र तिने सोडलं नाही. मेल्विनशी ती त्यांच्या घरच्या बोलीत इतकं भरभर बोलायची की मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. माझ्याशी बोलताना ती जरा सावकाश व्हायची.

तिच्या डब्यात सुकेळी असायची. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, केळीच्याच वाळक्या सोपटात बांधलेली. मधाच्या रंगाची, चिवट आणि अशी गोड की एक खाल्लं की तासभर तोंड मिटून बसावं. सामना संपला की ती चौघांना वाटायची. हो, चौघांना. आपल्या पोरांना हरवायला आलेल्यांनाही. मी एकदा तिला डिवचलं, "अगं, त्यांना कशाला ताकद देतेस?" तर म्हणाली, "त्यांची आय इथं नाय ना." मग मीही माझ्या डब्यातल्या थालीपिठाचे चार तुकडे करायला शिकले.

त्या बाकड्यावर बसून मी डबल्स शिकले, आणि शिकता शिकता मला त्या खेळाचं वेड लागलं. एकेरीत माणूस हरला की एकटाच रॅकेट आपटतो, एकटाच स्वतःशी बडबडतो. इथे दर पॉइंटनंतर दोघं एकमेकांकडे चालत येतात आणि हातावर हात मारतात. जिंकला तरी, हरला तरी. अगदी सोपा बॉल एकाने जाळीत घातला तरी दुसरा येतो, हात पुढे करतो. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी हे आठवडाभर करून दाखवावं, मी माझी खुर्ची त्याला देईन.

आणि त्या पाठीमागच्या खुणा! एक जण सर्व्हिस करतो तेव्हा दुसरा जाळीपाशी वाकून उभा असतो आणि एक हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो. मूठ बंद म्हणजे जागेवर थांबणार, पंजा उघडा म्हणजे पळत पलीकडे जाणार. समोरच्यांना ते दिसत नाही, पण आम्हाला बाकड्यावरून बरोबर दिसायचं. लहानपणी तुषार कैरी पाठीमागे लपवून माझ्यासमोर उभा राहायचा, तोच हा हात. आता त्या हातात काही लपवलेलं नव्हतं, उलट सगळं उघड करून सांगितलेलं होतं, आणि मेल्विन मागून नुसती मान हलवायचा. पाठ फिरवून उभं राहायचं आणि मागचा आपलं ऐकेल यावर इतका भरवसा ठेवायचा, हे मला फार मोठं वाटलं. अजूनही वाटतं.

सगळ्यात अवघड असतो तो मधला बॉल. दोघांच्या बरोबर मधून येतो तो. अर्ध्या क्षणात ठरवायचं की कुणी मारायचा, आणि "माझा!" किंवा "तुझा!" असं ओरडायचं. मला तर वाटतं, घरोघरची निम्मी भांडणं या मधल्या बॉलचीच असतात. दूध उतू गेलं तेव्हा गॅसजवळ कोण होतं, लाइटबिल भरायचं कुणी ठरवलं होतं, आईंना दवाखान्यात कोण नेणार होतं. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचा, आणि बॉल मधून निघून जातो. आमच्या मुलांचं पहिल्यापासून ठरलेलं होतं, मधला बॉल मेल्विनचा. तो डाव्या अंगाला उभा राहायचा, तो बॉल त्याच्या उजव्या हाताला सरळ यायचा, आणि तो असा काही मारायचा की समोरचे नुसते बघत राहायचे.

त्या आठवड्यात मात्र मला एक गोष्ट दिसली. मधले बॉल तुषार घेत होता. सगळे नाहीत, जे उंचावरून यायचे आणि खांद्यातून मारावे लागायचे तेवढेच. पुढे सरून, "माझा" म्हणून, गुपचूप. मेल्विन बाजूला व्हायचा. मी घरी आल्यावर तुषारला विचारलं, "हे तुमचं बोलणं झालंय का?" तो बुटांची नाडी सोडत म्हणाला, "कसलं बोलणं? त्याला काय सांगायचं की तुझा खांदा गेला म्हणून?" मोनीबायलाही ते दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी बाकड्यावर तिने नुसता माझा हात दाबला.

असं करत करत मुलं अंतिम सामन्यात पोचली. शनिवार होता. या वेळी मोठं कोर्ट मिळालं आणि भुईगाव लोटलं. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, वाडीवरून तसेच आलेले काका, माझ्या शाळेतल्या दोघी-तिघी. समोर दोन परदेशी तरुण, त्यातला एक लाल टोपी घालणारा. तो आठवडाभर मोनीबायची सुकेळी खाऊन तिला वाकून नमस्कार करायला शिकला होता. पहिला सेट आपला, दुसरा त्यांचा. डबल्समध्ये तिसरा पूर्ण सेट नसतो. आधी दहा गुण करील तो जिंकला, फक्त दोनचा फरक हवा. हे गणित मला आवडलं. सरळ एक, दोन, तीन, कुणी मधले पाच खात नाही.

सात-आठ झाले. आपण एकाने मागे. सर्व्हिस मेल्विनची. मधल्या वेळात खांदा चोळत राहिल्यामुळे त्याला उशिराची ताकीद आधीच मिळाली होती. आता पुन्हा वेळ गेला तर दोनपैकी एक सर्व्हिस जाणार. तुषार जाळीपाशी वाकलेला, पाठीमागे पंजा उघडा. मेल्विनने बॉल दोनदा आपटला, आणि शेजारच्या चर्चची बाराची घंटा सुरू झाली.

आमच्या वसईच्या गावांत बाराची घंटा ऐकली की जुनी माणसं हातातलं काम सोडतात. बाजारात मासे कापणारी बाईसुद्धा कोयता बाजूला ठेवते, क्रुसाची खूण करते आणि प्रार्थना म्हणते. त्यामुळे सामना कुठल्या घडीला आलाय याचा विचार न करता सगळं भुईगाव उठून उभं राहिलं. मोनीबाय पहिली. पंच गोंधळून बघायला लागले, त्यांना वाटलं लोक निघाले की काय. आणि आमच्या मेल्विनने, इतक्या वर्षांच्या सवयीने, रॅकेट खाली केली आणि मान झुकवली.

माझा जीव टांगणीला. पंचांचं घड्याळ पळतंय, घंटा थांबायला तयार नाही. मी मनात म्हणतेय, देवा, तुला कळतंय ना, तू तरी जरा घाई कर! तुषारने मागे वळून पाहिलं नाही. ओरडला नाही. तोही मान खाली घालून उभा राहिला, पाठीमागचा पंजा तसाच उघडा. आणि मग पलीकडे लाल टोपीवाल्याने हात वर केला. सर्व्हिस घेणारा तोच होता. 'मी तयार नाही' अशी त्याने खूण केली, पाठ फिरवली आणि सुटलेली नसलेली बुटाची नाडी बांधायला खाली बसला. घंटा संपेपर्यंत बांधत राहिला. ताकीद पंचांनी त्याला दिली. त्याने मान हलवली, टोपी सारखी केली आणि सर्व्हिस घ्यायला उभा राहिला. आता पुन्हा उशीर केला तर त्याचा थेट गुणच जाणार होता, आणि हे त्याने आपणहून केलं होतं. त्या परक्या पोराची मला दृष्ट काढावीशी वाटली.

पुढचा पॉइंट आपला. तुषार उघड्या पंज्याप्रमाणे पलीकडे झेपावला आणि बॉल खाली दाबला. आठ-आठ. त्याच्या पुढचा बॉल जाळीच्या पट्टीला लागून आपल्याच बाजूला पडला. आठ-नऊ. आता सर्व्हिस त्यांची. मेल्विनने ती छान परतवली, दोघं जाळीकडे धावले, आणि समोरून एक बॉल आला. जोरात नाही, अवघड नाही. उंच, सावकाश, बरोबर दोघांच्या मधून.

कुणीच ओरडलं नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि बॉल त्यांच्या मधून जाऊन मागे रेषेच्या आत पडला. आठ-दहा, सामना गेला.

मोनीबायने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं आता होणार. इतक्या वर्षांचं सगळं आता बाहेर येणार, तू का नाही मारलास, तू का नाही बोललास. तुषार मेल्विनकडे चालत गेला. मेल्विन तुषारकडे चालत आला. दोघांनी हातावर हात मारला, रोजच्यासारखा, आणि मग हात सोडलेच नाहीत. तसेच धरून जाळीपाशी गेले. मेल्विनने लाल टोपीवाल्याला मिठी मारली, बराच वेळ मारली. मी रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मेल्विन थांबला. दिलेला शब्द होता. आता वाडी बघतो, संध्याकाळी क्लबात मुलांना शिकवतो. तुषार दुसऱ्या एका चांगल्या मुलाबरोबर खेळतो, देशोदेशी फिरतो, अधूनमधून जिंकतोही. जगात कुणाचं अडत नाही. पण त्या बॉलबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मलाच राहवेना. एकदा मी तुषारला विचारलं, "तो बॉल कुणाचा होता रे?" तो लगेच म्हणाला, "माझा, आई. मीच घेत होतो ना सगळे. पण वाटलं, त्याचा शेवटचा असेल तर त्याला मारू दे." पुढे भुईगावला गेले तेव्हा मेल्विनला एकटं गाठलं. तो केळीची पानं कापत होता. कोयता न थांबवता म्हणाला, "आंटी, माझाच होता तो. मधला कायम माझाच. पन तुषार माझ्यासाठी किती पळत होता आठवडाभर! म्हटलं, आज त्याला मिळू दे."

मी मोनीबायला दोन्ही उत्तरं सांगितली. ती म्हणाली, "मग झालं तर." आणि चहा ओतायला उठली. मला तेवढ्याने झालं नव्हतं. गणिताच्या शिक्षिकेला एका प्रश्नाची दोन बरोबर उत्तरं पचत नाहीत. पण विचार करत गेले तसं वाटलं, यश आपलं म्हणणारे खूप बघितले, चुकलेला बॉल आपला म्हणून असा ओढून घेणारी दोन माणसं एकाच जाळीच्या एकाच बाजूला मला दुसरीकडे कुठे दिसली नाहीत. करंडक ठेवायला घरात काय, कपाटं पुष्कळ असतात.

मोनीबायच्या फोननंतर या रविवारी मी वसईला गेलेच. तुषार चार दिवसांसाठी घरी आला होता, तोही बरोबर. कोर्टाचा निळा रंग नुकता वाळला होता, बाभळीखाली आमचं बाकडं तसंच, आणि कुठल्यातरी बंगल्यातून मोहोराचा वास येत होता. क्लबातले दोन डॉक्टर खेळायला जोडी शोधत होते. तुषारने मेल्विनकडे पाहिलं. मेल्विन म्हणाला, "खालून सर्व्हिस करीन हां." मोनीबायने सुकेळीचा डबा उघडून मध्ये ठेवला.

पोरं खेळायला लागली. मेल्विनचा हात वर जात नव्हता, पण पाय विसरले नव्हते. तुषारचा पंजा पाठीमागे गेला, आणि मागून मेल्विनने मान हलवली. मग एका डॉक्टरांनी चुकून एक बॉल उंच, सावकाश, बरोबर दोघांच्या मधून टाकला.

"माझा!"

दोघं एकदम ओरडले. इतके जोरात की कुंपणावरचे कावळे उडाले. रॅकेटवर रॅकेट आदळली, दोघंही धडकून खाली बसले आणि हसत सुटले.

"आता आवाज फुटला मेल्यांना!" मोनीबाय म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.

बॉल मागच्या जाळीपाशी जाऊन पडला होता. तो आणायला दोघंही एकदमच पळाले.